कव्हरवर १९६७ छापलंय, म्हणून रेकॉर्ड १९६७ची ठरत नाही

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं. काकांच्या पश्चात घरात दीडशेच्या आसपास एलपी आणि खोकाभर सिंगल्स (सात इंची छोट्या तबकड्या) उरल्या आहेत: बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, रोलिंग स्टोन्स. काहींवर ‘मेड इन इंग्लंड’ आहे, बऱ्याच ‘मेड इन इंडिया’ आहेत. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या कव्हरवर १९६७ छापलंय, तर ती ओरिजिनल का? किंमत किती येईल? आणि ज्यांच्यावर बुरशी आली आहे त्या धुवायच्या कशा?

ओरिजिनल आहे का, या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तुमच्या हातातली ही प्रत कधी आणि कुठे दाबली गेली, हा एक. ती आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत किमतीचं बोलणं व्यर्थ आहे. कव्हरवरचं साल बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचं असतं. ‘सार्जंट पेपर’ १९६७पासून आजतागायत कुठे ना कुठे छापली जाते आहे आणि १९७८ला दाबलेल्या प्रतीवरही १९६७च असतं. म्हणून कव्हर बाजूला ठेवा, तबकडी हातात घ्या आणि तिरप्या उजेडात धरा.

शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिला डेड वॅक्स म्हणतात. तिथे कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं असतात. ती का असतात हे कळलं की वाचायलाही येतात. टेपवरून आधी लॅकरचा थर दिलेल्या चकतीत खोबण कापतात. तिच्यावरून धातूचा उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटा, ज्याला मदर म्हणतात, आणि मदरवरून पुन्हा उलटे साचे, म्हणजे स्टॅम्पर. स्टॅम्परच्या जोडीत गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. स्टॅम्पर काही शे ते हजारभर प्रतींनंतर झिजतो, मग नवा लावतात. कोणता साचा कुठला हे कारखान्याला कळावं म्हणून प्रत्येक टप्प्यावर खूण करतात. आपण वाचतो त्या याच खुणा.

इंग्लंडच्या ईएमआय कंपनीची पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे आणि बीटल्स, पिंक फ्लॉइड दोन्ही तिच्यात येतात. लेबल वाचता येईल असं समोर धरा. घड्याळातल्या ६च्या जागी मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा क्रमांक, असतो, उदाहरणार्थ बीटल्सच्या ‘ॲबी रोड’च्या पहिल्या बाजूला वायईएक्स ७४९-२. शेवटचा २ म्हणजे लॅकरच्या चकतीची कितवी कापणी. ९च्या जागी मदरचा आकडा. ३च्या जागी स्टॅम्परचा क्रमांक, पण तो अक्षरांत. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी नावातून दहा अक्षरं उचलून त्यांना आकडे दिले आहेत: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे ३च्या जागी जी-ओ-एम असेल तर १५४वा स्टॅम्पर. आकडा लहान तेवढी प्रत आधीची असा साधारण कल असतो. पण रेकॉर्ड दाबणारी अनेक यंत्रं एकाच वेळी चालत असल्यामुळे १२वा स्टॅम्पर आणि ४०वा स्टॅम्पर एकाच आठवड्यातलेही असू शकतात. आकड्यावरून प्रतीचा दिवस ठरवू नका, फक्त लवकरची की उशिराची एवढं ठरवा.

दुसरा पुरावा लेबलचा रंग आणि त्यावरचा बारीक मजकूर. बीटल्सच्या रेकॉर्ड ईएमआयच्या पार्लोफोन या नावाखाली निघत, त्या पार्लोफोनच्या इंग्लिश एलपींचं लेबल १९६३च्या सुरुवातीपर्यंत काळं आणि सोनेरी होतं. मग काळ्यावर पिवळ्या अक्षरांचं आलं आणि ते १९६९पर्यंत टिकलं. त्यानंतर काळं-चंदेरी, ईएमआयच्या चौकटीसह. पिवळ्या काळातल्या लेबलांवर मधल्या भागात ‘युनायटेड किंगडममध्ये ठरलेल्या किमतीलाच विक्री’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ १९६४पासून १९६९पर्यंत दिसते. ती ओळ नसलेली पिवळ्या लेबलची प्रत एकतर १९६३ची किंवा अगदी शेवटची. लेबलवर केटी, एमटी अशी दोन अक्षरं दाबलेली दिसली तर तो त्या वेळचा खरेदी कर. १९७३ला तिथे व्हॅट आला आणि ही अक्षरं गेली. कव्हरवर बारकोड असेल तर पुढे काही पाहायचीच गरज नाही, ते कव्हर साठच्या दशकातलं नाही.

आता तुमच्या संग्रहातला मोठा भाग, म्हणजे भारतीय प्रती. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता आणि ईएमआयच्या कुटुंबातला असल्यामुळे इंग्लंडमधून आलेल्या धातूच्या साच्यांवरून तिथे रेकॉर्ड दाबल्या जात. त्यामुळे दमदमच्या प्रतीच्या डेड वॅक्सवरही इंग्लिश मॅट्रिक्स नंबर सापडतो. फक्त तो नंबर पाहून ‘इंग्लिश फर्स्ट प्रेसिंग’ (पहिल्या खेपेची इंग्लिश प्रत) म्हणून विकायला काढलेल्या भारतीय प्रती नेहमी दिसतात. विकणाऱ्याने फसवलं असं दर वेळी नसतं, त्याने लेबलची कड वाचलेली नसते, एवढंच. कडेला ‘मेड इन इंडिया’ किंवा ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं नाव असेल तर विषय संपला. शंका उरली तर कव्हर आणि तबकडी वेगवेगळी तपासा. इंग्लिश कव्हरात भारतीय तबकडी आणि भारतीय कव्हरात इंग्लिश तबकडी, दोन्ही जोड्या जुन्या बाजारात फिरतात. मुंबईच्या चोर बाजारात तर कव्हर आणि रेकॉर्ड वर्षानुवर्षं स्वतंत्र संसार करतात.

भारतीय प्रतीचा काळ ठरवायला एक साधी खूण आहे आणि ती परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. कव्हरच्या मागे कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ते कव्हर त्यानंतरच छापलेलं आहे, अल्बम १९६५चा असला तरी. ‘कलकत्ता २८’ असा जुना टपाल विभाग असेल तर ते आधीचं असण्याची शक्यता मोठी. शक्यता म्हणतो, कारण छापखान्याकडे पडून असलेली जुनी कव्हरं पुढेही वापरली जातात. तसंच दुकानाचं स्टिकर. ऱ्हिदम हाऊसचं किंवा पुण्यातल्या एखाद्या दुकानाचं स्टिकर असेल तर ते विक्रीबद्दल सांगतं, छपाईबद्दल नाही. ते ओरबाडून काढू नका. खालचा कागद निघतो आणि प्रतीचा इतिहासही जातो. पॉलिडॉरच्या भारतीय प्रती वेगळ्या घरच्या: मुंबईची पॉलिडॉर ऑफ इंडिया, जी पुढे म्युझिक इंडिया झाली. त्यांना ईएमआयचा अक्षरांचा नियम लावू नका.

दमदमच्या प्रती ऐकायला कशा? एक उत्तर नाही. इंग्लिश साच्यावरून दाबलेली, कमी वाजलेली साठच्या दशकातली जाड प्रत उत्तम वाजते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या प्रतींत पृष्ठभागाची खरखर आणि केंद्र सरकलेलं भोक जास्त आढळतं. भोक सरकलं असेल तर लांब सुरावर आवाज हेलकावतो आणि त्यावर इलाज नसतो. १९७३च्या तेलसंकटात पीव्हीसी महागलं, तेव्हा अमेरिका-इंग्लंडमधल्या रेकॉर्डही पातळ झाल्या. त्यामुळे ‘परदेशी म्हणजे चांगली’ हा नियम सत्तरनंतर डोळे झाकून वापरता येत नाही.

तुमची ‘सार्जंट पेपर’ इंग्लिश निघाली तर लेबलवरचा क्रमांक पाहा. पीएमसी ७०२७ म्हणजे मोनो, पीसीएस ७०२७ म्हणजे स्टिरिओ. पिवळं लेबल, किमतीची ती ओळ, आत लाल-गुलाबी लाटांची रंगीत इनर स्लीव्ह (आतलं पाकीट) आणि मिशी, बिल्ले, पट्ट्या कापून घ्यायचं पुठ्ठ्याचं पान, हे सगळं जागेवर असेल तर तुमच्याकडे चांगली गोष्ट आहे. पान न कापलेलं असेल तर अधिक चांगली. काकांनी लहानपणी मिशी कापून लावली असेल तर हरकत नाही, पण विकताना ते लिहायचं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, डेड वॅक्समध्ये, बडबडीचा एक तुकडा बंद वर्तुळात फिरत राहतो. स्वयंचलित टर्नटेबल दांडी उचलतो म्हणून तो ऐकू येत नाही, हाताने चालवलं तर कळतं. अमेरिकेच्या कॅपिटॉल कंपनीच्या मूळ प्रतींवर तो नाही.

मोनो-स्टिरिओबद्दल इथे थोडं थांबतो, कारण ‘स्टिरिओ आहे म्हणजे भारी’ असा समज आपल्याकडे घट्ट आहे. १९६७पर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत मोनो यंत्रं होती. बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी वेळ घालवला तो मोनो मिश्रणावर, स्टिरिओ मागाहून आणि भराभर उरकलं. ही दोन मिश्रणं खरोखर वेगळी आहेत. ‘सार्जंट पेपर’मधलं ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जरा जलद आणि वरच्या पट्टीत आहे. बीटल्सच्याच १९६८च्या, पांढऱ्या कव्हरमुळे पांढरा म्हटल्या जाणाऱ्या अल्बमवरचं ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत लवकर संपतं. स्टिरिओत ते विरून पुन्हा वर येतं आणि शेवटी ड्रमर रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडतो, ते मोनोत नाहीच. म्हणून या अल्बमांच्या इंग्लिश मोनो प्रतींना मागणी आहे. ‘ॲबी रोड’ची गोष्ट वेगळी, १९६९ला ती इंग्लंडमध्ये फक्त स्टिरिओतच निघाली. पांढऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या इंग्लिश प्रतींना कव्हर वरच्या बाजूने उघडतं, क्रमांक ठोकलेला असतो, आतल्या स्लीव्ह काळ्या असतात, एक पोस्टर आणि चौघांची चार छायाचित्रं असतात. ही चार छायाचित्रं सगळ्यांत आधी हरवतात, कारण कुणीतरी ती भिंतीवर लावलेली असतात.

बाकीच्यांच्या खुणा चटकन सांगतो. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’, मार्च १९७३, इंग्लिश क्रमांक एसएचव्हीएल ८०४: सुरुवातीच्या प्रतींच्या लेबलवरचा त्रिकोण निळ्या रंगाने भरलेला आहे, नंतर नुसती बाह्यरेषा राहिली. डेड वॅक्सवर ए-२ आणि बी-२, सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम, १९६९, इंग्लिश अटलांटिक ५८८१७१: कव्हरवरची नावाची अक्षरं आधी फिरोजी होती, थोड्याच काळात नारिंगी झाली. त्यांच्या दुसऱ्या अल्बमची अमेरिकन प्रत असेल तर डेड वॅक्सवर आर-एल शोधा. ही रॉबर्ट लडविगची कापणी, तिचा खर्ज इतका दणकट होता की स्वस्त यंत्रांवर सुई उडे, म्हणून ती मागे घेऊन सौम्य कापणी केली असं सांगतात. स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’वर, १९७१, खरी धातूची चेन आहे. ती बंद ठेवून रेकॉर्ड एकमेकींना टेकवल्या की चेनचं टोक शेजारच्या रेकॉर्डवर खळगा पाडतं. त्या काळी माल पाठवताना चेन अर्धी उघडून ठेवत, म्हणजे टोक खोबणींवर न येता लेबलवर येई. तुम्हीही तेच करा आणि तिच्या पुढे एक जाड पुठ्ठा ठेवा.

सिंगल्सचा खोका आधी उघडा असं मी सांगेन. लोक एलपींकडे पाहतात आणि सात इंची तबकड्या किलोवर देऊन टाकतात. इंग्लिश सिंगल्सना साठच्या दशकात चित्राचं कव्हर सहसा नसायचं, कंपनीचं छापील कागदी पाकीटच असायचं. त्यामुळे साध्या पाकिटातली सिंगल अपुरी समजू नका. अपवाद फेब्रुवारी १९६७चं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आणि ‘पेनी लेन’. त्याच्या सुरुवातीच्या प्रती चित्राच्या पाकिटात आल्या. ‘लव्ह मी डू’, ऑक्टोबर १९६२, पार्लोफोन आर ४९४९: पहिल्या प्रतींचं लेबल लाल, १९६३पासून काळं. पण १९८२ला वीस वर्षं झाली तेव्हा लाल लेबलची आवृत्ती पुन्हा निघाली, म्हणजे नुसता लाल रंग पुरेसा नाही. डेड वॅक्सवर ७एक्ससीई १७१४४-१एन शोधा आणि मग वाजवून ऐका. खंजिरी ऐकू आली तर ते ॲंडी व्हाइटने ड्रम वाजवलेलं दुसरं ध्वनिमुद्रण आहे. १९६२च्या लाल लेबलवर रिंगोचं आहे आणि त्यात खंजिरी नाही. कानाने होणारी ही तपासणी कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्की.

त्याच खोक्यात दहा इंची, जड आणि पडली तर फुटणारी तबकडी सापडली आणि तिच्यावर बीटल्सचं नाव असेल, तर तिथेच थांबा. जगभर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड बंद पडत होत्या तेव्हा दमदमला बीटल्सची गाणी ७८वर दाबली जात होती. आपल्याकडे वीज न पोहोचलेल्या गावांत चावीचे फोनो वापरात होते, त्यांच्यासाठी. भारतातून निघालेल्या रॉक रेकॉर्डींमध्ये परदेशी संग्राहक सर्वांत जास्त मागतात त्या याच. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. एलपीच्या सुईने वाजवू नका, कारण एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची आणि ७८ला ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घसरत फिरते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त देते. चावीच्या फोनोवर पोलादी पिनेने तर मुळीच नको. आणि अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रेकॉर्ड तुमच्या डोळ्यांदेखत निस्तेज होत जाईल.

उलट चूकही तितकीच घातक. जुन्या सूटकेसवजा प्लेअरांना उलटवायची सुई असते, एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. ७८ची बाजू लावून एलपी वाजली असेल तर खोबणीच्या कडा खरवडल्या गेलेल्या असतात. त्यातच त्या सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डोक्याचा, रेकॉर्डवरचा भार पाच ग्रॅमच्या पुढे. आजच्या साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम लागतात. म्हणून काका कशावर ऐकत होते हा प्रश्न मी अवस्था ठरवण्याआधी नेहमी विचारतो. झिजलेली खोबण डोळ्यांना कधी राखाडी दिसते, कधी काहीच दिसत नाही. मग कान वापरायचे: बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि झांजा फाटल्यासारख्या येतात.

अवस्था ठरवताना ट्यूबलाइट पुरत नाही. एकच तेज दिवा, तबकडी तिरपी, हळूहळू फिरवायची. केसासारख्या वरवरच्या रेषा आवाजात येत नाहीत. नखाला लागते ती ओरखडी हमखास टक टक करते. मधल्या भोकाभोवती लेबलवर सुईरेषांचं जाळं असेल तर रेकॉर्ड अनेकदा, आणि घाईत, लावलेली आहे. अमेरिकन गोल्डमाइन पद्धतीत जवळपास नवी प्रत नीअर मिंट, खाली व्हेरी गुड प्लस, मग व्हेरी गुड. नावाला भुलू नका: व्हेरी गुड म्हणजे प्रत्यक्षात बरी वापरलेली, खरखर ऐकू येणारी. त्या पद्धतीचा ढोबळ हिशेब असा की व्हेरी गुड प्लसला नीअर मिंटच्या निम्मी किंमत, व्हेरी गुडला पाव, त्याखाली दहा-पंधरा टक्के. तुमच्या घरातल्या बहुतेक रेकॉर्ड व्हेरी गुडच्या आसपास असतील असं धरून चाला. नेटवर दिसणाऱ्या मोठ्या रकमा नीअर मिंटच्या आणि त्याही कुणीतरी मागितलेल्या असतात. मागितलेली किंमत पाहू नका, डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या सूची-विक्रीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या, त्याच देशाच्या प्रती प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या ते पाहा.

नकलांचं भूत फार घेऊ नका. इंग्लिश आणि भारतीय प्रतींत ती अडचण क्वचित येते. ज्याच्या सर्वांत जास्त नकला निघाल्या तो १९६४चा अमेरिकन व्ही-जे कंपनीचा ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’. त्याच्या लेबलवर अल्बमचं नाव भोकाच्या वर आणि ‘द बीटल्स’ भोकाच्या खाली असेल तर ती नक्कल. संग्रहात तो असलाच तर एवढं पाहून घ्या.

आता धुणं. बुरशी असलेल्या रेकॉर्ड आधी बाल्कनीत न्या, मास्क लावा, कोरड्या मऊ ब्रशने पांढरी भुकटी झटका. घरात झटकली तर ती बाकीच्या कव्हरांवर जाऊन बसते. जुनी कागदी इनर स्लीव्ह फेकून द्या, छापील किंवा कंपनीची असेल तर वेगळी वाळवून रिकामी ठेवा. मिश्रण: ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंग-वास नसलेल्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. थेंब म्हणजे थेंबच, जास्त झालं की साबणाचा थर खोबणीत वाळतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरिन असतं. नळाचं किंवा बोअरचं पाणीही नको, वाळल्यावर क्षार खोबणीतच राहतात. बॅटरीचं पाणी घेत असाल तर बाटलीवर पाणीच लिहिलंय ना, ॲसिड नाही ना, हे वाचा.

तबकडी स्वच्छ टॉवेलवर ठेवा, लेबलवर झाकण किंवा प्लॅस्टिकची चकती दाबून धरा. मिश्रण फवारा, मिनिटभर मुरू द्या, मग बारीक केसांच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने गोल फिरवा. आडवा हात मारायचा नाही. मायक्रोफायबरने टिपा, पुसू नका. लगेच नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने तीच कृती पुन्हा, दुसऱ्या कापडाने. बहुतेक लोक हे दुसरं पाणी गाळतात आणि मग धुतल्यावर खरखर वाढली म्हणतात: सुटलेली घाण त्यांनी खोबणीतच वाळवलेली असते. शेवटी भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळवा, दमट दिवसात पंख्याखाली. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालू नका. बुरशी काढल्यावरही कधी कधी खोबणीत डाग राहतो आणि तिथे बारीक चरचर येते. तिने प्लॅस्टिक खाल्लेलं असतं असं नाही, पण दुसऱ्यांदा धुऊनही गेलं नाही तर तिसऱ्यांदा घासू नका.

कव्हराला पाणी लावायचं नाही. लॅमिनेट केलेलं असेल तर जवळपास कोरड्या कापडाने पुसा. बिनलॅमिनेटला फक्त ब्रश. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, आधीची पिवळी पडलेली असेल तर उपटूही नका.

ठेवण्याबाबत मुंबई-कोकणात आणि विदर्भात सल्ला वेगळा. किनाऱ्यावर शत्रू ओल आहे. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेलं बंद लोखंडी कपाट पावसाळ्यात आतून घामेजतं, म्हणून उघडा लाकडी कप्पा, भिंतीपासून चार बोटं दूर. प्लॅस्टिकचं बाहेरचं पाकीट घालत असाल तर तोंड उघडं ठेवा. नागपूर-अकोल्याकडे शत्रू उष्णता: माळ्यावर पत्र्याखाली मे महिन्यात पीव्हीसी वाकायला वेळ लागत नाही, आणि वाकलेली रेकॉर्ड काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचे प्रयोग खोबणी बिघडवतात. दोन्हीकडे सारखं ते हे: उभ्या ठेवा, झुकू देऊ नका, दर फूटभरावर आडोसा द्या. फूटभर एलपींचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं, प्लायचा पातळ कप्पा मध्ये वाकतो. डांबरगोळ्या नकोत, कागदातून वास कधी जात नाही. कसर आणि वाळवी दर दोन महिन्यांनी पाहा. आणि जुन्या दुकानांतून मिळणारी जाड, चिकट पारदर्शक पीव्हीसीची पाकिटं काढून टाका. त्यांतलं मऊ करणारं द्रव्य सुटून रेकॉर्डवर धुरकट पट्टा बसतो, तो धुऊन जात नाही. पॉलिएथिलीनचं अस्तर असलेल्या इनर स्लीव्ह घ्या.

विकायचं की ठेवायचं हे तुमच्यावर आहे. एकगठ्ठा दिलं तर व्यापारी तुम्हाला बाजारभावाच्या निम्म्याहून कमी देईल आणि त्यात गैर काही नाही, न खपणाऱ्या शंभर प्रतींचं भाडंही तोच भरतो. माझा सल्ला असा: इंग्लिश मोनो बीटल्स, ७८च्या तबकड्या, पोस्टर-स्टिकरसह फ्लॉइड, लाल लेबलच्या सिंगल्स एवढं वेगळं काढून एकेक विका किंवा सांभाळा. भारतीय प्रतींतल्या नेहमीच्या एलपी एकत्र द्या. कुरिअर करताना रेकॉर्ड कव्हरातून काढून, इनर स्लीव्हमध्ये, कव्हराच्या मागे ठेवा. आत ठेवून पाठवली तर पहिल्याच आपटण्यात ती कव्हराची कड फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठा, दोन्हींतल्या पन्हळींच्या नळ्या एकमेकींना आडव्या.

इथे फोटो टाकाल तर कव्हराचे नकोत. प्रत्येकीचं लेबल समोरून, कडेचा मजकूर वाचता येईल इतकं जवळून. डेड वॅक्सचे ६, ९ आणि ३ या तिन्ही जागांचे, बाजूने टॉर्च मारून. आणि मागच्या कव्हराचा तळ, जिथे पत्ता असतो तो. ‘सार्जंट पेपर’ आणि सिंगल्सचा खोका आधी.